सजवलेल्या जीपचं डिझेल जातं कुठं?

सोमवारी सकाळी वाकडहून हिंजवडीकडे सरकणाऱ्या रांगेत दर थोड्या गाड्यांमागे एक उंच जीप दिसते. बहुतेक वेळा थार, कधी जिम्नी, क्वचित गुरखा किंवा कुणी जिवापाड जपलेली जिप्सी. दातेरी टायर, पुढं जाड लोखंडी बंपर, त्यात विंच, टपावर कॅरिअर, कॅरिअरला बांधलेलं फावडं आणि जेरीकॅन. आत एकटा माणूस. गाडी पहिल्या गिअरमध्ये दोन हात पुढं जाते, थांबते, पुन्हा सरकते. मुळशी-ताम्हिणीकडचा चिखल तिच्या वाट्याला महिन्यातून एखादा रविवार येतो. बाकीचे दिवस ऑफिस, मुलांची शाळा, भाजी, लग्नकार्य आणि सणावाराला गावी जाणं.

ऑफ-रोडिंगच्या गाड्यांवर लिहिणारे त्या एका रविवारावर लिहितात. फोटोही त्याचेच असतात. मला लिहायचं आहे ते बाकीच्या दिवसांवर, कारण डिझेल त्या दिवसांत जळतं. 'गाडी केल्यापासून ॲव्हरेज पडलं' ही तक्रार अशा प्रत्येक मालकाकडून ऐकायला मिळते. कुणी म्हणतं दोननं पडलं, कुणी म्हणतं चारनं. पण नेमकं कशानं पडलं हे विचारलं की उत्तर इंजिनाकडे, कंपनीकडे, पेट्रोलातल्या इथेनॉलकडे, पंपवाल्याकडे बोट दाखवतं. मला जे कळलं ते असं: इंजिन सहसा निर्दोष असतं. आपण केलेल्या दोन-तीन निवडी ते इंधन खातात आणि ज्या घटीबद्दल आपण हळहळतो तिच्यातला बराच भाग मोजण्यातला घोळ असतो.

आपल्याकडे जीपमध्ये फेरफार करण्याची परंपरा जुनी आहे आणि तिचा हेतू एके काळी अगदी उलट होता. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. त्या जीपला पेट्रोलचं इंजिन होतं. पुढं सैन्याच्या लिलावातून सुटलेल्या 'डिस्पोजल'च्या जीपा बागायतदारांनी, ठेकेदारांनी, दूधवाल्यांनी घेतल्या, तेव्हा सर्वांत आधी ते पेट्रोलचं इंजिन उतरवून तिथं डिझेलचं बसवण्याचा प्रघात पडला. कुणी मॅटाडोरचं बसवलं, कुणाला जे मिळालं ते. माउंटिंग वेल्डिंग करून, बेल हाउसिंगला पट्टी तयार करून, रेडिएटर पुढं सरकवून मिस्त्री हे काम करत. आवाज वाढला, थरथर वाढली, वेग कमी झाला. मालकाला त्याची पर्वा नव्हती. त्याला खेपेमागे किती तेल जातं एवढंच बघायचं होतं. पुढं कंपनीनंच प्यूजोचं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं, कमांडर आणि मार्शल आल्या आणि कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या वडापवाल्यांनी, म्हणजे भाड्यानं प्रवासी वाहणाऱ्यांनी, त्या गाड्यांवर संसार उभे केले. वडापच्या ड्रायव्हरला आपल्या गाडीचं ॲव्हरेज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई, कारण तेवढ्यावर दिवसाची मिळकत ठरत होती. उताराला कुठं पाय काढायचा, कुठल्या वळणाआधी गिअर पाडायचा, हे त्याला पाठ असे.

आजच्या मालकाकडे याच्या दसपट माहिती आहे, पण ती काटकसर नाही. ती असायलाच हवी असं मी म्हणत नाही. हौसेला मोल असतं आणि ज्याला परवडतं त्यानं करावी. परंतु हौसेची किंमत नेमकी किती आणि ती कुठल्या वस्तूपायी जाते, हे ठाऊक असलं तर निम्मी हौस तेवढ्याच आनंदात कमी तेलात भागते.

आधी कंपनी सांगते त्या आकड्याबद्दल. पुण्यात कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर 'एआरएआय' ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था १९६६ पासून आहे. माहितीपत्रकात ॲव्हरेजचा जो आकडा छापतात तो ठरीव चाचणीतून येतो. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या क्रमानं तिचा वेग वाढवतात, कमी करतात, थांबवतात. आपल्याकडच्या या चक्राला ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी, एवढा वेळ लागतो आणि त्यात कमाल वेग ९० किलोमीटरचा असतो. एसी बंद असतो, घाट नसतो. जिम्नीचा आकडा या चाचणीत मॅन्युअल गिअरला लिटरमागे १६.९४ आणि ऑटोमॅटिकला १६.३९ असा आला. हे आकडे खोटे नाहीत, पण ते मूळ टायर आणि मूळ उंची असलेल्या, टपावर काही नसलेल्या गाडीचे आहेत. टायर बदलले त्या दिवशी तुमच्या गाडीचा अधिकृत आकडा संपला. पुढचा आकडा कुठलीही संस्था तुम्हाला देणार नाही, तो तुमचा तुम्हीच काढायचा आहे. आणि तिथंच पहिली चूक होते.

समजा जिम्नी आहे. तिचे कंपनीचे टायर १९५/८० आर १५. या टायरचा व्यास काढला तर ६९३ मिलिमीटर येतो. हौसेनं त्या जागी २३५/७५ आर १५ बसवले. यांचा व्यास ७३३. म्हणजे चाक जवळपास सहा टक्क्यांनी मोठं झालं. गाडीचं मीटर चाकाचे फेरे मोजतं, अंतर मोजत नाही. प्रत्येक फेऱ्यात गाडी आता सहा टक्के जास्त पुढं जाते आणि मीटरला ते कळत नाही. मीटर ४०० किलोमीटर दाखवतं तेव्हा गाडी प्रत्यक्षात ४२३ किलोमीटर चाललेली असते. टाकीत ३६ लिटर पेट्रोल गेलं, तर मालक ४०० ला ३६ नं भागतो आणि ११.१ असं उत्तर मिळवून कपाळाला हात लावतो. खरं उत्तर पावणेबारा आहे. आधी तेरा मिळत असतील, तर त्याला घट दिसते जवळपास दोनची. प्रत्यक्षात झाली सव्वाची. तीन भागांतला एक भाग नुसता कागदावरचा आहे.

यावर एक वाद मी अनेकदा ऐकला आहे. 'मी मोबाइलवर वेग ताडून बघितला, काटा आणि जीपीएस तंतोतंत जुळतात, म्हणजे माझं मीटर बरोबर आहे.' हे पटण्यासारखं वाटतं आणि तरी चूक आहे. वेगाचा काटा कारखान्यातूनच खऱ्या वेगापेक्षा थोडा पुढं दाखवेल अशा बेतानं लावलेला असतो, कारण कमी वेग दाखवणारा काटा धोक्याचा. मूळ टायरवर तो ८० दाखवतो तेव्हा गाडी बहुधा ७६-७७ नं चाललेली असते. टायर मोठे केले की ही तफावत भरून निघते आणि काटा खरा बोलू लागतो. पण किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यात असं पुढं दाखवणं नसतं. तो मूळ टायरवर बऱ्यापैकी अचूक असतो. त्यामुळे काटा सुधारतो आणि किलोमीटरचा आकडा बिघडतो, दोन्ही एकाच वेळी. म्हणून वेग ताडून उपयोग नाही, अंतर ताडलं पाहिजे. महामार्गावर किलोमीटरचे दगड आहेत. पन्नासाव्या दगडाशी मीटर शून्यावर आणा, शंभराव्याशी वाचा. ४७ आले तर ५० ला ४७ नं भागा. जो गुणक येईल तो डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा आणि दर वेळी त्यानं गुणा. टायर झिजले की हा गुणक पुन्हा काढायचा, कारण नव्या दातेरी टायरचे दात झिजून संपेपर्यंत व्यासात दोनेक टक्क्यांचा फरक पडतो.

दुसरा घोळ पंपावर होतो. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल ही पद्धत योग्यच आहे, पण ती नीट पाळणारे थोडे. डिझेलला फेस येतो. नोझल पूर्ण दाबून सोडलं तर फेस वर येतो, नोझल आपोआप बंद पडतं आणि टाकीत अजून दोन लिटरची जागा रिकामी राहते. भरणारा मुलगा विचारतो, 'साहेब, राउंड फिगर करू का?' आणि पाव पाव करत वरून घालतो. मागच्या वेळी पहिल्या 'कट'ला थांबलो आणि या वेळी गळ्यापर्यंत भरलं, तर एक-दोन लिटरचा फरक तिथंच पडला. थारची टाकी ५७ लिटरची आहे, जिम्नीची ४०. जिम्नीत ३६ लिटरमागे एक लिटर इकडंतिकडं झालं तरी हिशेब तीन टक्क्यांनी हलतो. तोच पंप, शक्यतो तेच यंत्र, हळू धार आणि दर वेळी पहिल्या कटला थांबणं, एवढं पाळावं. शिवाय एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. सलग पाच-सहा टाक्यांचे लिटर एकत्र, किलोमीटर एकत्र, मग भागाकार. हे वहीत लिहिणारा मालक भेटला की मला मनापासून आनंद होतो. त्याच्याशी बोलताना वाद होत नाहीत, आकडे समोर असतात.

आता खरी घट. ती सर्वांत जास्त टायर करतात, आणि याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

टायर बदलण्याचं काम जवळून बघण्यासारखं असतं. जॅकवर गाडी चढली की कारागीर कंपनीचं चाक एका हातानं ओढून बाजूला नेतो. नवं, तेहतीस इंची मड टायर चढवलेलं चाक उचलताना तो गुडघे वाकवतो, छातीशी घेतो आणि मगच हबच्या बोल्टवर बसवतो. जुन्या आणि नव्या टायरच्या वजनात दहा-बारा किलोंचा फरक सहज असतो, आणि स्टेपनी धरून अशी पाच चाकं. ही पन्नास-साठ किलो डिकीत ठेवलेल्या सामानासारखी नुसती वाहून न्यायची नसतात. चार चाकं दर सिग्नलला फिरवायची असतात आणि दर सिग्नलला थांबवायची असतात. फिरणारं वजन कडेला, म्हणजे टायरच्या घेराशी असतं, त्यामुळे ते चालू करायला जास्त जोर लागतो. हिंजवडीच्या रांगेत हे दिवसातून शेकडो वेळा घडतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घर्षण. टायर रस्त्याला टेकतो तिथं तो चपटा होतो आणि पुढं सरकताच पुन्हा गोल होतो. रबर दबतं तेवढ्याच जोरानं उसळून परत येत नाही. मधली ऊर्जा उष्णता होऊन जाते. मड टायरचे उंच, सुटे दात डांबरावर प्रत्येक फेऱ्यात वाकतात आणि सरकतात, म्हणून त्यांच्यात ही गळती जास्त. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. द्रुतगती मार्गावरून तासभर गाडी चालवून आल्यावर टायरच्या खांद्याला हात लावा. साध्या टायरला आणि मड टायरला लावा. जी जास्तीची ऊब हाताला लागते ती तुमच्या टाकीतून आलेली आहे. अठराशे किलोंच्या गाडीला साध्या टायरवर नुसतं लोळत राहायला साधारण २०० न्यूटनचा जोर लागत असेल, तर जाड दातांच्या टायरवर तो तीनशेच्या आसपास जाऊ शकतो. 'एटी' म्हणजे दोन्हीकडे चालणारे टायर या दोहोंच्या मध्ये बसतात आणि चांगल्या एटी टायरमध्ये घट इतकी थोडी असते की हवा नीट ठेवली तर ती वहीतसुद्धा जेमतेम दिसते.

हवेवरून एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. चिखलात उतरताना टायरची हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत कमी करतात, ते योग्यच आहे. टायर पसरतो, पकड वाढते. पण संध्याकाळी सगळे दमलेले असतात, कॉम्प्रेसर कुणाच्या तरी गाडीत खाली दडलेला असतो आणि 'पौडला पंपावर भरू' असं म्हणून ताफा निघतो. पौडच्या पंपावर हवेचं यंत्र बंद असतं. मग चांदणी चौकापर्यंत आणि कधी कधी सोमवारी ऑफिसपर्यंत गाडी तशीच जाते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज असा की चारही टायरमध्ये एक पीएसआय हवा कमी असली की ॲव्हरेज ०.२ टक्क्यांनी घसरतं. दहा पीएसआय कमी असेल तर दोन टक्के, आणि त्याहून वाईट म्हणजे महामार्गाच्या वेगात कमी हवेचा टायर तापून फुटू शकतो. स्वतःचा छोटा कॉम्प्रेसर हा या सगळ्या सजावटीतला मला सर्वांत उपयोगी वाटणारा सुटा भाग आहे आणि तो विंचच्या किमतीच्या एका तुकड्यात येतो.

मोठ्या चाकाचा आणखी एक परिणाम गिअरवर होतो. चाक सहा टक्के मोठं झालं म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा उंच झाला. महामार्गावर यानं इंजिनाचे फेरे कमी होतात आणि थारच्या टर्बो डिझेलला ते सोसतं, कारण तिच्याकडे ३०० न्यूटन-मीटरचा जोर आहे. जिम्नीकडे १३४ आहे. ती खंबाटकीच्या चढावर पाचवा सोडून चौथ्यात येते, चौथा सोडून तिसऱ्यात. ऑटोमॅटिक असेल तर तिला चारच गिअर, त्यामुळे ती दोन गिअरांत घुटमळत राहते. शहरात पहिला गिअर उंच झाल्यानं चालक नकळत हाफ क्लच देऊ लागतो; त्यात तेलही जातं आणि क्लच प्लेटही. जुन्या जीपमध्ये यावर उपाय होता, मिस्त्री दुसऱ्या गुणोत्तराचा क्राउन-पिनियन घालून देत. विलीज सीजे-थ्री-बीचं ५.३८ चं डिफरन्शियल मोठ्या चाकाला ओढायला समर्थ होतं. नव्या गाडीत ते करणं खर्चाचं आणि वॉरंटीवर पाणी सोडण्याचं काम आहे. म्हणून छोट्या इंजिनाच्या गाडीला मोठं चाक लावू नये, हे माझं स्पष्ट मत.

टायरनंतर हवा, म्हणजे बाहेरची. डब्यासारख्या उभ्या चेहऱ्याच्या गाडीला वारा जड जातो हे सगळ्यांना माहीत असतं. किती जड जातो ते हिशेब केल्यावर अंगावर येतं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनानं. पावणेतीन चौरस मीटरचा समोरचा भाग आणि जीपसारखा आकार धरला, तर ताशी ८० ला नुसता वारा कापायला दहा-अकरा अश्वशक्ती लागतात. ताशी १०० ला त्या वीसच्या वर जातात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. घाट बाजूला ठेवला आणि सगळं अंतर १०० ऐवजी ८० नं कापलं असं धरलं, तर चौदा मिनिटं जास्त लागतात. त्या चौदा मिनिटांच्या बदल्यात वाऱ्यासाठी जाणारं तेल एक तृतीयांशानं वाचतं. कुठलाही सुटा भाग, कुठलीही चिप एवढं वाचवून देत नाही.

याच वाऱ्यात आपण टपावर कॅरिअर उभं करतो. त्याच अमेरिकी खात्याच्या अंदाजानुसार टपावरची मोठी सामानपेटी शहरात ॲव्हरेज दोन ते आठ टक्क्यांनी पाडते आणि त्यांच्या मोठ्या महामार्गांच्या वेगाला दहा ते पंचवीस टक्क्यांनी. हे आकडे मोटारींचे आहेत, मुळात चौकोनी असलेल्या जीपला प्रमाण वेगळं पडेल. पण दिशा तीच. रिकाम्या कॅरिअरचे गज, पुढं लावलेली दिव्यांची पट्टी, जेरीकॅन, मागं बांधलेली शिडी, हे सगळं वारा तोडतं आणि शीळ घालतं. द्रुतगती मार्गावर कॅरिअर शीळ घालू लागलं की समजावं, इंजिन त्या आवाजासाठी काम करतं आहे. कॅरिअर लागतं तेव्हा लागतंच, लडाखला जाताना किंवा तंबू घेऊन निघताना त्याला पर्याय नाही. पण आठ बोल्ट काढले की ते उतरतं. वर्षभर रिकामं फिरवण्याचं कारण मला कुणीही नीट सांगू शकलेलं नाही.

वजनाचं बोलणं लवकर आटोपतं. लोखंडी बंपर, विंच, खालच्या पत्र्याच्या प्लेटा, बाजूचे स्लायडर मिळून दीडशे किलो सहज होतात. पंचेचाळीस किलोंमागे साधारण एक टक्का, या ढोबळ हिशेबानं तीन टक्के घट. साडेसतराशे किलोंच्या थारला हे वजन तिच्या बाराव्या हिश्शाइतकं, बाराशे किलोंच्या जिम्नीला आठव्या हिश्शाइतकं, त्यामुळे जिम्नीला जास्त जाणवतं. दिव्यांना मात्र लोक विनाकारण दोष देतात. १२० वॉटची एलईडी पट्टी तासभर जळली तर अल्टरनेटर आणि इंजिन यांतली सगळी गळती धरून फार तर शंभर मिलिलिटर पेट्रोल जातं, आणि ती शहरात लावायची नसतेच. स्नॉर्केलनं, म्हणजे इंजिनाला टपाजवळून हवा देणाऱ्या नळीनं, ॲव्हरेज वाढतही नाही, पडतही नाही. आणि 'पॉवरही वाढेल, ॲव्हरेजही वाढेल' असं सांगून विकल्या जाणाऱ्या ट्यूनिंगच्या डब्यांपासून लांब राहावं. बीएस-६ डिझेल गाडीत धूर गाळणारा डीपीएफ असतो. छोट्या छोट्या शहरी फेऱ्यांमध्ये तो तापत नाही, तुंबतो, मग साठलेली काजळी जाळायला गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल फवारते. यावर उपाय म्हणून तो काढून टाकायला सांगणारे गॅरेजवाले आहेत. ते बेकायदा आहे आणि मागं चालणाऱ्या दुचाकीस्वाराच्या फुप्फुसांवर अन्याय करणारं आहे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर एका वेगानं चालवली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

पावसाळ्यात आणखी एक सवय दिसते, ओल्या डांबरावर 'फोर हाय' टाकून चालवण्याची. थार, जिम्नी, जिप्सी यांची रचना अशी की फोर हायमध्ये पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जखडली जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि तो फरक चिखलात घसरून निघतो, डांबरावर निघत नाही. मग शाफ्ट पिळले जातात, टायर घासतात, तेल जातं आणि ट्रान्सफर केस कण्हते. जिप्सीच्या जुन्या मालकांना पुढच्या चाकांचे फ्री व्हील हब उतरून हातानं फिरवायची सवय होती. चिखल आला की लॉक, रस्ता आला की फ्री. त्या एका सवयीत यंत्राची पूर्ण समज होती.

पेट्रोलवाल्यांसाठी एक वेगळी नोंद हवी. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्यानं आलं आणि आता सगळीकडे तेच आहे. आपल्या उसाच्या पट्ट्याला त्यानं आधार दिला, हे मान्य करायलाच हवं. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींना सहा ते सात टक्के घट येईल आणि ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांना एक ते दोन टक्के, असा अंदाज दिलेला आहे. तेव्हा २०२१ मध्ये मूळ टायरवर मिळणारं ॲव्हरेज आणि आज मोठ्या टायरवर मिळणारं ॲव्हरेज यांची थेट तुलना करून सगळा दोष टायरवर किंवा सगळा इथेनॉलवर टाकता येत नाही. जुन्या जिप्सीच्या मालकांनी तर ही वजाबाकी आधी करावी.

तसंच रांगेचं. दोन लिटरचं इंजिन एसी लावून जागेवर तासभर चालू राहिलं तर पाऊण ते एक लिटर इंधन जातं. अठरा किलोमीटरच्या वाटेत पाऊण तास उभं राहावं लागलं, तर चालताना बारा देणारी गाडी घरी पोहोचेपर्यंत साडेआठवर येते. तिथं मूळ टायरची थारही साडेआठच्या आसपासच येते. मोठ्या टायरची घट मोजायची असेल तर त्याच वाटेवर, त्याच दिवसांत, आधी आणि नंतर मोजावी लागते.

आता पैशांचं. लिटरमागे किलोमीटर ही आपली रीत फसवी आहे, कारण ती कमी ॲव्हरेजच्या गाड्यांचं नुकसान लहान दाखवते. वीस देणारी गाडी अठरावर आली तर हजार किलोमीटरला साडेपाच लिटर जास्त लागतात. दहा देणारी आठवर आली तर पंचवीस लिटर जास्त लागतात. दोन्हीकडे घट 'दोनची'च. म्हणून आपल्यासारख्यांनी शंभर किलोमीटरला किती लिटर असाच हिशेब ठेवावा. महिन्याला बाराशे किलोमीटर फिरणारी जीप बारावरून दहावर आली तर शंभर लिटरच्या जागी एकशेवीस लागतात. वर्षाला २४० लिटर. डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास धरलं तर एकवीस-बावीस हजार रुपये. लिटरभर डिझेल जळताना अडीच किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे सहाशे किलोंच्या वर, आणि तो बहुतेक सगळा डोंगरात नव्हे, सिग्नलवर. सह्याद्रीच्या ओढीनं गाडी घेतलेल्या माणसाला याचं वाईट वाटायला हवं, आणि मला भेटलेल्या अनेकांना ते वाटतंही.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण टाळता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयानं लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करायला राज्यांना कळवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध फेरफार चालणार नाही असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघातानंतर विमा कंपनी यावरच बोट ठेवते. म्हणजे जे बंपर तेल खातं तेच पुढं तुम्हाला उघडंही पाडू शकतं.

गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत उतरणाऱ्या गाड्या बघितल्या की एक गोष्ट लक्षात येते. महाकाय टायर, उघडा सांगाडा, दोन-दोन विंच; आणि यांतल्या बऱ्याच गाड्या ट्रेलरवर चढवून स्पर्धेच्या जागी आणतात, ट्रेलरवरूनच नेतात. ज्यांना त्या सगळ्या अवजारांची खरी गरज आहे तेसुद्धा ती गाडी घेऊन रोज ऑफिसला जात नाहीत.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. एकच गाडी असेल आणि ती रोज चालवायची असेल, तर कंपनीच्याच मापाचे चांगले एटी टायर घ्या. आपल्या घाटातल्या बहुतेक वाटा त्यांवर होतात. तिथं टायरपेक्षा चालवणाऱ्याचा पाय जास्त कामाला येतो. इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे, मोठ्या टायरच्या पैशांतला थोडा भाग अशा शिकण्यावर खर्च करा. मड टायरची हौस असलीच तर ते रिमसकट वेगळे ठेवा आणि जायच्या आदल्या संध्याकाळी चढवा. जागा नसेल तर ती हौस सोडा. कॅरिअर काम झालं की उतरवा. हवा दर पंधरवड्याला थंड टायरवर तपासा. द्रुतगती मार्गावर ऐंशी-नव्वदला समाधानी राहा. आणि दिवाळीला गावी निघण्याआधी एक वही गाडीत टाका. गावाहून परत येताना दोन टाक्या तरी होतील, पहिल्या कटला थांबून भरा, किलोमीटर गुणकासकट लिहा. मग कुठला भाग ठेवायचा आणि कुठला विकायचा ते त्या वहीवरून ठरवा.